बेवारस दुरुस्ती

"काल नऊ आत शिरत होता. आज बाहेर. का?" अप्पांनी विचारलं.

मुलगा ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधत होता. ती बांधून झालेली होती, म्हणून त्याने सोडून पुन्हा बांधायला घेतली.

अप्पा निवृत्त मुद्रितशोधक. उभा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला. निवृत्तीनंतर घरच्यांच्याही काढून झाल्या, तेव्हा निदान स्वतःच्या कराव्यात म्हणून ते प्रोग्रॅमिंग शिकायला लागले. मुलगा त्याच धंद्यातला. पण त्याच्याकडून शिकायला त्यांनी साफ नकार दिला. "तू शिकवत नाहीस, उरकतोस."

पहिलाच प्रोग्रॅम तीसपर्यंतच्या मूळ संख्या शोधायचा. म्हणजे एक आणि स्वतः सोडून ज्यांना कशानेच भाग जात नाही अशा. सगळं जमलं होतं. फक्त चार, नऊ आणि पंचवीस हे तिघे आगंतुक, ओळखदेख नसताना रांगेत येऊन बसत.

रविवारी दुपारी अप्पा आडवे झाले असताना मुलाने पडद्यावर सहज नजर टाकली. कुठपर्यंत भाग देऊन बघायचा त्या ओळीत जिथे 'पेक्षा कमी किंवा बरोबर' हवं, तिथे नुसतं 'पेक्षा कमी' होतं. त्याने एक बरोबरचं चिन्ह घातलं आणि चहा टाकायला गेला. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडला न विचारता हात लावणाऱ्यांना तो मीटिंग बोलावून झापत असे. पण ते ऑफिस. घरात प्रेमाने केलेल्या गोष्टीला परवानगी लागत नाही, अशी त्याची समजूत होती.

"तुम्हीच केलं असेल दुरुस्त," आता नाडीशी बोलल्यासारखा तो म्हणाला. "घाईत लक्षात राहत नाही."

"मी? खूण न करता?"

छापखान्यात स्वल्पविराम हलवला तरी समासात खूण आणि खाली आद्याक्षर. बेवारस दुरुस्ती चुकीपेक्षा वाईट, हा तिथला दंडक. अप्पा तो प्रोग्रॅममध्येही पाळत.

"होतं असं," म्हणून मुलगा सटकला.

त्यानंतर अप्पांनी कॉम्प्युटर उघडला नाही. गॅस बंद केलाय ना, हे ते पुन्हा पुन्हा बघू लागले.

"आज मला विचारत होते, 'मी हल्ली तेच तेच बोलतो का गं?'" अप्पांची बायको मुलाला म्हणाली. "मी म्हटलं, तुम्ही पहिल्यापासूनच बोलता. एरवी हसले असते."

अप्पांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी आरशातल्या माणसाला 'या, बसा' म्हणत. त्यावर घरात कोणी विनोद करत नसे. उद्या सांगू, असं मुलगा स्वतःला रोज सांगत राहिला.

शनिवारी सकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

"विसरण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. विसरायच्या आत जाऊन येतो. तू नाही आलास तरी चालेल, पण घरचा पत्ता लिहून दे. खिशात असू दे."

मुलाने पेन उघडलं. मग मिटलं.

"अप्पा, ते बरोबरचं चिन्ह मी घातलं होतं."

"कधी?"

"रविवारी. तुम्ही झोपला होतात."

"आणि दुसऱ्या दिवशी म्हणालास..."

"हो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. अप्पा शर्टाची बाही सारखी करत राहिले.

"तिघेही वर्ग आहेत," ते सावकाश म्हणाले. "दोनाचा, तिनाचा, पाचाचा. रविवारी आडवा होण्याआधी मला तेवढं दिसलं होतं. पुढचं सोमवारी सकाळी बघणार होतो."

"काढून टाकू का ते चिन्ह? पुन्हा शोधा."

"काय शोधू? तू आत्ता जागा सांगितलीस की."

ते आतल्या खोलीत गेले. "डॉक्टरांना नको म्हणून कळव. आणि दार ओढून घे."

मुलाने फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सहानुभूतीने विचारलं, "आता नाही ना विसरत?"

त्याने बंद दाराकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "काहीच विसरत नाहीत."