तुळशीनं पोरगा बघितला

साखरशेत गावात भाताची आवणी ऐन रंगात आली होती आणि पोशेऱ्याचे पाहुणे न सांगता येऊन टपकले. तुळशीच्या घरी कुणीच नाही म्हटल्यावर ते थेट तिच्या बापाच्या शेताच्या बांधावर आले. जिवा आणि त्याची आत्या गोदा, दोघं तुळशीला बघायला आली होती.

तुळशी जागची हलली नाही. बायकांच्या रांगेत वाकून ती भाताची रोपं लावत होती. पावसासाठी सगळ्यांनी डोक्यावरून पाठीवर एकाच दुकानातलं निळं प्लास्टिकचं इरलं घेतलेलं. पाठीवरून ओळखायचं म्हटलं तर सख्ख्या आईलाही जमलं नसतं. आपल्याला कुणीतरी निरखून जायचं आणि आपण खाली मान घालून उभं राहायचं, याची तिला भारी चीड. आधी ती त्याला बघणार होती. तिनं शेजारच्या मीनाला कोपर मारलं, मीनानं पुढचीला. सगळी रांग मुकी झाली.

"तुळशी कंची गं?" गोदाआत्यानं बांधावरून विचारलं.

"हाय की हितंच," कुणीतरी म्हणालं, आणि इरल्यांखाली खसखस पिकली.

आत्या काही कच्ची नव्हती. तुळशीचा हात चपळ, असं तिनं ऐकलेलं; तिनं एकेकीचे हात बघायला सुरुवात केली. मग तुळशी मुद्दाम वेडीवाकडी रोपं खोचू लागली. काही तर लावता लावताच तरंगली.

तेवढ्यात जिवा बांधावरून घसरला आणि चिखलात फतकल मारून बसला. आता हा चिडणार, असं तुळशीला वाटलं. पण तो स्वतःलाच हसत सुटला, हात पुसायला गेला तर पँटही चिखलाचीच, म्हणून आणखी हसला. तुळशीला तो आवडला. मनापासून आवडला.

इकडे आत्यानं निकाल लावून टाकला. "कडेची ती ठोंबी सोडून कंचीबी चालंल. हीच असंल बग तुळशी, हात कसा चालतो!" तिनं बोट केलं ते मीनाकडे. मीनाचं लग्न तर दुसरीकडे ठरलेलं.

आता गप्प बसलं तर पोरगा हातचा जाणार. तुळशीनं इरलं भिरकावलं आणि ताठ उभी राहिली.

"आत्या, ठोंबी तीच तुळशी. मी मुद्दाम चुकत व्हते. मला आधी पोरगा बगायचा व्हता."

आत्यानं आ वासला. "मग? बगितलास?"

"हां. पसंत हाय."

रांगेत हशा उसळला. आत्यानं कपाळाला हात लावला. "अगो, पन आमच्या पोराला कुनी इचारलंय का?"

जिवानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, रोपांची जुडी उचलली आणि तुळशीच्या शेजारी येऊन वाकला.

"मला मागून इचारा," तो म्हणाला. "आधी हिनं लावलंय ते सरळ करू दे. नायतर सासरा मला दारात उभं करायचा नाय."