पूजेतली वही

नंदकुमारला इंग्रजी शिकवलं ते एका खुन्यानं. पुस्तकातल्या, अर्थात. रद्दीतून आणलेल्या त्या जाड कादंबरीत खुनी स्वतःच आपली हकिगत सांगत होता, आणि त्याच्या तोंडी असे वाक्प्रचार होते की शाळेच्या पुस्तकात सात जन्मांत सापडले नसते. इंग्रजांच्या घरी म्हणे प्रत्येकाच्या कपाटात एक सांगाडा असतो. हे वाचून नंदकुमार पोट धरून हसला होता.

साल होतं छप्पन. नोव्हेंबरात नवं राज्य व्हायचं होतं, राजधानी नागपूरहून भोपाळला जायची होती, आणि नंदकुमारच्या कचेरीतली बड्या बाबूची, म्हणजे मुख्य कारकुनाची, जागा इंग्रजीच्या परीक्षेवर ठरायची होती. उमेदवार दोनच, नंदकुमार आणि शेजारच्या टेबलावरचा गिरधर. हा गिरधर येता-जाता त्याच्या इंग्रजीची टिंगल करायचा.

वाक्य डोक्यात बसवायचं तर ओळखीची नावं घालून लिहावं, ही शाळेतल्या पंडित मास्तरांची शिकवण. नंदकुमार रोज संध्याकाळी वहीत वर तारीख घालून त्या कादंबरीतली दहा इंग्रजी वाक्यं उतरवायचा. लंडनच्या नदीच्या जागी तापी, मेलेल्या माणसाच्या जागी गिरधर. खुनी ‘मी’ म्हणायचा, ते तसंच राहायचं. लिहिताना मोठं समाधान वाटायचं, खोटं कशाला बोला.

नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळी दहा वाक्यं झाली आणि त्याच्या बायकोनं, निर्मलानं, वही सरस्वतीपुढच्या पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. आता दसऱ्यापर्यंत वहीला हात लावायचा नव्हता.

नवमीच्या दुपारी बातमी आली. गिरधर काल संध्याकाळपासून बेपत्ता होता. इच्छापूरला देवीच्या दर्शनाला जातो म्हणून निघाला, पण बसमध्ये तो कुणाला दिसलाच नाही. त्याच्या चपला तापीवरच्या राजघाटाच्या पायऱ्यांवर सापडल्या.

नंदकुमारला वही आठवली. काल काय लिहिलं ते त्याला तोंडपाठ होतं. ‘आज संध्याकाळी मी गिरधरला तापीच्या पायऱ्यांवर गाठलं, आता तो कधीच बोलणार नाही.’ काल तो घराबाहेर पडला नव्हता, पण हे सांगणारी एकटी निर्मला होती.

तो पाटाकडे गेला. निर्मलानं त्याचा हात धरला.

“पूजेतली वही उचलता का? परीक्षा डुबवायची हाय काय तुम्हाले?”

निर्मलाला इंग्रजी येत नव्हतं; वहीत काय आहे ते सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण मग ती विचारणार, असं का लिहिलं. तो पाटापासून मागे सरला. नवमीचा उरलेला सारा दिवस ती एका डोळ्यानं पाटावर लक्ष ठेवून होती.

दसऱ्याच्या सकाळी पोलीस ठाण्याचे दरोगासाहेब आले. कचेरीतल्या सगळ्यांकडेच जात होते, आवाजही नरम होता. अष्टमीच्या संध्याकाळी कुठे होता, त्यांनी विचारलं. घरीच, अभ्यास करत होतो, नंदकुमार म्हणाला.

निर्मला नुकतीच सरस्वतीचं विसर्जन करून उठली होती. नवऱ्यावर कुणी संशय घ्यावा हे तिला सोसवेना. तिनं कुंकवानं माखलेली वही आणून साहेबांच्या हातात दिली. रोजची तारीख असते, अष्टमीचीही आहे, तुम्हीच बघा म्हणाली.

दरोगासाहेबांना इंग्रजी चांगलं येत होतं. त्यांनी शेवटचं पान वाचलं, मग आधीची दोन, मग पुन्हा शेवटचं. शिपायाला त्यांनी दारात उभं राहायला खुणावलं.

“ये लिखावट आपकी है?”

नंदकुमारच्या आधी निर्मलाच अभिमानानं पुढे झाली.

“हो भाऊ, ह्यायचंच अक्षर हाय. कोणाची मदत नाही घेतली.”