माणशी अकरा इंच

रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामात धोंडीराम सुतार अमेरिकेचं जहाज बांधत होता, आणि त्या जहाजाची त्याला मनापासून शिसारी आली होती.

शहरातल्या कुठल्याशा प्रदर्शनासाठी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजाचं पोट उभारायचं होतं. घरदार विकून अमेरिकेला निघालेली गोरी कुटुंबं झोपायची, त्या लाकडी फळ्या. डिझायनर अनुराग पुण्याचा. रोज यायचा, कॉफी प्यायचा आणि हळहळायचा. "कल्पना करा धोंडीराम, आईबाप, चार पोरं, एकाच फळीवर! चाळीस दिवस!"

"अरे देवा," म्हणत धोंडीराम रंधा जोरात ओढायचा. चाळीस दिवस, म्हणे हाल! मेल्यांच्या बायका कुशीत, पोरं पायाशी, आणि वर रडायला मोकळे. संगमेश्वरला राहिलेल्या ठकूबाईचं, आपल्या बायकोचं तोंड त्यानं अकरा वर्षांत चारदा पाहिलं होतं.

त्याला हवी होती फक्त खाट. कामगारांच्या कॅम्पातल्या खाटा ढेकणांपायी जाळून टाकल्या होत्या. दोन महिने फरशीवर पडून त्याची कंबर अशी धरली होती, की सकाळी भिंतीला धरून उठावं लागे. फोरमन यूनुसभाईनं शब्द दिला होता: जहाजाचं काम नीट पार पडलं की खोलीत खाटा. म्हणून तो राबत होता, गोऱ्यांच्या प्रेमापोटी नव्हे.

पण डोकं भडकलेलंच. नकाशात फळी साडेसहा फूट रुंद होती. त्यानं त्यातला फूटभर कापून टाकला. रडायचंय ना? मग पोटभर रडा! अनुरागला कळलंसुद्धा नाही. उलट, "वा, काय घुसमट आणलीत!" म्हणून खूश झाला. बिनडोक कुठला! नकाशा स्वतः काढलेला, अन् मापाचा पत्ता नाही.

प्रदर्शन झालं. लोकांनी फळीवर बसून फोटो काढले, तिथं मांडलेल्या मेणाच्या पुतळ्यांतल्या आईकडे बघून डोळे पुसले. महिन्याभरात सगळं खलास.

पुढच्या आठवड्यात धोंडीराम कामावरून परतला, तर कॅम्पाच्या दारात ट्रक आणि यूनुसभाई. "घ्या धोंडीरामभाऊ, खाटा आल्या! शब्दाचा पक्का आहे मी."

ट्रकमधून त्याचीच फळी उतरत होती. पाटीसकट: 'येथे सहा जणांचे कुटुंब झोपत असे.'

"ही खाट?"

"टाकून कशाला द्यायची? तुमच्या हातचं मजबूत काम. खोलीत तुम्हीही सहाच ना? यल्ला, चला, आत घ्या."

सहा जण आडवे झाले. धोंडीरामच्या वाट्याला मेणाच्या आईची जागा आली. एकानं कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागे.

"कुठल्या गाढवानं बनवलीय रे ही?" शेजारचा ज्ञानेश कण्हला. "फूटभर तरी जास्त ठेवायची!"

धोंडीरामनं भिंतीकडे तोंड फिरवलं. गोरे निदान चाळीस दिवसांनी उतरून गेले होते. त्याच्या कराराचे अजून चौदा महिने बाकी होते.