चारचौघांत

थोरली जाऊ इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डची सिस्टर होती. हाताखालच्या मुली तिला वचकून असत, आणि चर्चच्या मंडळीतही तिचा शब्द सहसा कोणी खाली पडू देत नसे. धाकटी पार्लर चालवायची. बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, पण माणसांसाठी जीव टाकणारी. दर बुधवारी संध्याकाळी दोघी प्रार्थनासभेला शेजारी शेजारी बसायच्या.

एका बुधवारी धाकटीने आपल्या एका गिऱ्हाइकासाठी प्रार्थना करायला सांगितली. त्या बाईचा संसार मोडायला आला होता. सांगता सांगता नवऱ्याचं बाहेर कुणाशी आहे, सासूला काय कळलंय, सगळंच तिच्या तोंडून निघून गेलं. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती बाई कोण, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"बास कर," थोरली म्हणाली. "ही प्रार्थना नाही. डोळे मिटून केलेली चुगली आहे."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. सभा संपेपर्यंत ती खाली मान घालून बसली, आणि पुढच्या बुधवारपासून आलीच नाही. घरी भेटली की हसून बोलायची, पण कामापुरतं.

बरेच महिने असेच गेले. एकदा सभेनंतर चर्चचे पाळक खुर्च्या आवरत होते. थोरली त्यांना म्हणाली, "आमच्या जाऊबाईंचं काय ते बघा ना. सभा अशी सोडून चालतं का? तुम्हीच चार शब्द सांगा तिला."

पाळकांनी शेवटची माणसं बाहेर पडू दिली. मग दोन खुर्च्या ओढल्या आणि एकीवर तिला बसवलं.

"सिस्टर, तुम्ही तेव्हा बोललात ते खरंच होतं," ते हलकेच म्हणाले. "पण आधी तिला एकटीला गाठून बोलायला हवं होतं. आपल्या प्रभूने तेच शिकवलंय. आणि चूक माझीही आहे. मी तिथेच होतो, गप्प बसलो. तुम्हाला हे सांगायला इतके दिवस लावले."

थोरलीला राग यायला हवा होता, पण आला नाही. आपली चूक आपल्याला किती जपून सांगितली गेली, ते तिला कळलं. त्यानेच ती जास्त खजील झाली.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर ती पार्लरमध्ये गेली. धाकटी एकटीच होती, टॉवेलांच्या घड्या घालत.

"माझं चुकलं गं," थोरली उभ्या उभ्याच म्हणाली. "चारचौघांत तुझा पाणउतारा केला."

"बसा तरी, ताई." धाकटीने खुर्ची पुढे केली. "तुमचं म्हणणं बरोबरच होतं. मी त्या बाईची जाऊन माफी मागितली. आता इथलं मी कुठे बोलत नाही."

"मग सभेला ये ना."

धाकटी टॉवेलावरून हात फिरवत राहिली. "तिथे आता तोंड उघडवत नाही. काही मागायचं म्हटलं की वाटतं, हेही चुकायचं." मग टॉवेल बाजूला ठेवून ती म्हणाली, "मला दिवस गेले होते, ताई. राहिलं नाही. दुसऱ्या इस्पितळात गेले होते. यांनाही म्हटलं, कुणाला सांगू नका."

थोरली पुढे केलेल्या खुर्चीवर टेकली. इतक्या परक्या बायकांचे हात तिने अशा वेळी धरले होते, आणि घरातली ही तिच्या वॉर्डाचं दार टाळून गेली होती.

"मला का नाही सांगितलंस," असं तिच्या ओठांवर आलं, पण ते तिने गिळलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"तुझ्यासाठी प्रार्थना करू?" तिने विचारलं.

"करा," धाकटी म्हणाली. "पण मनातल्या मनात."

थोरलीने तिचा हात हातात घेतला. धाकटीने तो सोडवून घेतला नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, गिऱ्हाईक दारात येईपर्यंत.