शेंड्याची पानं

माझा संशय कधी चुकत न्हाई, असं मी जानकाबाई साऱ्या येडगावात छातीठोक सांगायची. अठ्ठ्याण्णव सालापातूर सांगत व्हते.

त्या साली माझ्या टमाट्याचे शेंडे वाकडे झाले. जुनी पानं धड, पन नवी पानं दोऱ्यावानी बारीक, देठ पिळलेले. बांधाच्या पल्याड माझ्या दिराचा, खंडूचा ऊस. त्यानं आठ दिसांमागंच उसात तणाचं औषध मारलेलं. मग आंधळ्यालाबी कळंल का न्हाई? वारं आमच्याकडंच व्हतं. न्हाई तर ह्यानंच नळी आमच्या रानात वळवली असंल. मालक गेल्यापासनं मला त्याच्यावर डोळा ठेवावाच लागायचा.

रविवारी विहारात वंदना झाली अन् मी समद्यांदेखत उभी राह्यले. "खंडूनं माझं टमाटं जाळलं," म्हणलं. "भाऊ गेला, आता भावजयीचं रान पायजेल त्याला."

खंडू खाली बघत बसला. मी म्हणलं, चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

खंडूचं घर फवारणीवर चालायचं. पाठीवर पंप घेऊन तो नारायणगावापातूर लोकांच्या बागा फवारायचा. पैल्यांदा विहारात हे ऐकलेल्या कपिलनं त्याला निरोप धाडला, माझ्या द्राक्षावर येऊ नको. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. पंधरा दिसांत तो घरी बसला. माझी जाऊ रत्ना दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायला लागली. मला वाईट वाटलं का? न्हाई वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग एक दिस त्यांची यशोधरा माझ्या रानात आली. पोरगी कॉलेजात झाडापाल्याचंच शिकत व्हती. मी मनात म्हणलं, बापानं धाडली. तिनं एक पान तोडलं अन् उन्हाकडं धरलं.

"मोठी आई, पान म्हणजे झाडाचा सैपाकी. खालच्या अंगाला बारीक तोंडं असतात, तिथून हवा आत घेतं आणि उन्हावर सैपाक करतं. तो सैपाक शिरांमधून शेंड्याला जातो. औषध पानात शिरलं की त्याच्यासंगं तेही शेंड्याला पोचतं. म्हणून नवी पानंच वाकडी आलीत."

"तेच तर म्या सांगितलं. औषध तुझ्या बापाचं."

"वाऱ्यानं आलं असतं तर बांधाजवळची झाडं जास्त बिघडली असती. तू बघितलंस का, कुठली जास्त बिघडलीत?"

बापाची पोरगी, बापाचंच बोलनार. पन ती गेल्यावर मी सऱ्या चालत गेले. बांधाजवळ पानं निम्मी बरी व्हती. दुसऱ्या टोकाला हिरीकडं जावं तशी वाकडी, अन् हिरीजवळची पैली सरी तर पार गेलेली.

शेंडे वाकडे व्हायच्या आधी, कीड लागली म्हणून फवारायला मी हिरीपासनंच सुरवात केली व्हती. माझ्या पंपानं, माझ्या हातानं. त्याच्या आदल्या दिसी त्याच पंपानं वाटंवरचं गाजरगवत मारलेलं, तणाच्या औषधानं. पंप पान्यानं खंगाळला व्हता. एकदाच.

मी सरीतच खाली बसले. अशी लाज मला जल्मात वाटली नव्हती.

पुढल्या रविवारी विहारात परत उभी राह्यले. पंपाचं, गाजरगवताचं, समदं सांगितलं. "खंडूचा दोष न्हाई, माझा हाय," म्हणलं. कपिल हसून म्हणाला, "जाऊ द्या वहिनी. घरातलं घरात मिटवलंत, बरं केलंत."

"मिटवलं न्हाई, खरं सांगतीय."

"हां, हां," म्हणाला अन् चपला शोधायला लागला. बाकीचेबी त्याच्या मागं उठले.

मी खंडूच्या दारात गेले. "माझ्या टमाट्यावर तूच फवार," म्हणलं. "समद्यांना दिसू दे." 

सकाळी तो आपला पंप घेऊन आला. औषध कालवायच्या आधी त्यानं पंप धुतला, एकदा, दोनदा, तीनदा, अन् समदं पानी माझ्या डोळ्यांदेखत वतलं. मग झाकण काढून पंप माझ्या तोंडापुढं धरला.

"हुंगा, वहिनी."

"आरं, माझा इस्वास हाय तुझ्यावर."

"हुंगा," तो म्हणाला. "त्याबिगर मी तुमच्या रानात पाय ठेवनार न्हाई."

मी हुंगला.