आवाज नको

अर्पितानं संगणक सुरू केला आणि कान दिला. पंखा फिरला, पण आवाज आला नाही. रोज हे यंत्र तिला पडद्यावरची ओळन् ओळ वाचून दाखवायचं. न दिसणाऱ्या अर्पितासाठी पडदा म्हणजे तो आवाजच.

"सर, हे बोलून न्हाई राह्यलं."

"व्हतंय असं," सोमेश्वर सर मऊपणे म्हणाले. "हीच परीक्षा समज, बाळा. कर दुरुस्त. तासभर आहे."

टेबलापलीकडे परीक्षक वंदना मॅडमनी कागद सारखे केले. नवीन जालन्यातल्या या संगणक केंद्रात सहायकाची एकच कायम जागा निघाली होती आणि आज तिचीच परीक्षा होती. अर्पिता इथे चार वर्षं हंगामी होती.

इथे प्रोग्राम तयार आणत नसत. मूळ मजकुरातून, म्हणजे कोडमधून, यंत्रावरच घडवत. काय हवं, काय नको, ते एका फायलीत लिहायचं; शेवटची ओळ खरी धरली जाई. 'आवाज नको' लिहून घडवलं, की आवाजाची कुठल्याच प्रोग्रामला गरज उरत नाही आणि साफसफाईत तो निघून जातो. आधी घडवायचं, मग झाडायचं. हे सरांनीच तिला शिकवलं होतं. बोटं धरून, एकदाही न रागावता.

तिनं अंदाजानं फाईल उघडली, शेवटी 'आवाज हवा' अशी ओळ घातली आणि घडवायची आज्ञा दिली. पंख्याचा सूर चढला.

"पडद्यावरचं वाचून दाखवू का?" मॅडमनी विचारलं.

"नको. पंखा उतरला की कळतं."

वीस मिनिटांनी पंखा उतरला आणि यंत्र बोललं. खात्रीसाठी तिनं फाईल पुन्हा उघडली. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा सपाट आवाजात यंत्र वाचू लागलं.

"आवाज नको. शेरा. बुधवारनंतर अर्पिता नाही. गरज संपली. सोमेश्वर, शुक्रवार."

आज बुधवार होता. मॅडमचा पेन थांबला आणि पुन्हा चालू लागला.

"शुक्रवारीच ठरल्तं, सर?"

"वरून ठरल्तं. परीक्षा तर घ्यावीच लागती ना." सरांचा आवाज शिकवतानाचाच होता. "पण बिलकुल बराबर केलंस. शाब्बास. ऊठ आता, मी साफ करतो. पुढच्याला ही कटकट कशाला?"

तिनं काठी चाचपली. तिच्या पाठीमागे सरांनी तिची ओळ पुसली आणि साफसफाईची आज्ञा दिली.

"काढण्यासारखं काही नाही," यंत्र म्हणालं.

सरांनी पुन्हा आज्ञा दिली, कळा जरा जोरात दाबून.

"काढण्यासारखं काही नाही."

अर्पिता दाराशी थांबली.

"आधी घडवा, सर. मंग झाडा."

कळफलकाच्या कळा वाजल्या. पंख्याचा सूर चढेपर्यंत ती उंबऱ्यावर उभी राहिली.