साडेचार तासांचा झेंडा

"उचलायचा, बाबा. नुसता बघत बसायचं नाही," असं म्हणत जावयाने आपला फोन माझ्या तळहातावर ठेवला आणि वरून माझी बोटं मिटवली, लहान मुलाला दुकानात पाठवताना मिटवतात तशी.

"वाजला तर काय बोलायचं?"

"हॅलो म्हणायचं. पुढचं समोरचा बोलतो."

मी त्याला तोंडावर अहो-जाहो करतो. मनात मात्र तो 'तो'च आहे. त्याच्या पाठीला एक पातळ काठी बांधलेली होती आणि काठीवर पांढरा झेंडा. झेंड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, साडेचार तास. बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत असे काही जण असतात. त्यांना जिंकायचं नसतं. ठरलेल्या वेळेत, एकाच चालीने पळत राहायचं आणि ज्यांना त्या वेळेत पोचायचंय त्यांनी झेंड्यामागून यायचं. पळताना फोन वाजला तर चाल मोडते, म्हणून फोन माझ्याकडे. मुलगी ड्युटीवर होती. निघताना तिनेही बजावलं होतं, "बाबा, पुस्तक नेऊ नका. तुमचं लक्ष राहत नाही."

मी पुस्तक नेलं होतं. पण उघडलं नाही. पाण्याच्या टेबलापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी फोनकडेच बघत होतो.

जन्मभर मी ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. तिथे लोक हळू बोलतात, आणि मला तेवढंच जमतं. जावयाने लिफ्टच्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून लिफ्ट दुरुस्तीचा स्वतःचा व्यवसाय काढला, तेव्हा मी त्याच्या भल्यासाठी धंद्यावरची पुस्तकं वाचून काढली. त्यातलं एकही वाक्य त्याला सांगण्याचा धीर मला झाला नाही. जे काही कळलं ते त्याच्याच बोलण्यातून.

"बाबा, सुरुवातीला पाय म्हणतात पळ, पळ," तो एकदा म्हणाला होता. "सगळे टाळ्या वाजवत असतात. नेमकं तेव्हाच हळू जावं लागतं. खरं पळणं अर्ध्यानंतर सुरू होतं, आणि तिथे रस्त्यावर कुत्रंही नसतं."

मला त्याच्या दुकानाचं उद्घाटन आठवलं. दाराबाहेर चपलांचा ढीग, फुलं, फोटो. नंतर कोणी विचारलंही नाही, चाललंय ना म्हणून.

त्याच्याबरोबर दोन मेकॅनिक नोकरी सोडून आले होते. एक सध्या गावी होता. दुसरा बारक्या. हा बारक्या दारातून आडवा होऊन आत येतो, इतका मोठा. कंपनीत कोणीतरी थट्टेने ठेवलेलं नाव त्याला चिकटलं. जावयाच्या हाताखाली तो रमला होता, पण दोन्ही मुलं शाळेत, आणि घरी वडील अंथरुणाला खिळलेले. रात्री जावई जेवताना गप्प असला की मुलगी विचारी, "काय झालं?" तो म्हणे, "काही नाही. बारक्याने आज विचारलं, आपलं नीट चाललंय ना."

"मग तू काय सांगितलंस?"

"हसलो. झेंडेवाल्याने दमलेलं दिसायचं नसतं."

दुकानाला मिळालेली पहिली मोठी इमारत शर्यतीच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत होती. काही महिने काम बघून मग वर्षभराचं कंत्राट द्यायचं, असं तिथल्या सेक्रेटरीने ठरवलं होतं. ती बैठक आजच दुपारी होती. शर्यतीचा शब्द जावयाने फार आधी दिला होता, म्हणून तो पळत होता. पण आज ही इमारत गेली, तर बारक्याला कामावर ठेवणं अवघड होतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि घरात कोणी बोललं नव्हतं.

झेंडा आला. त्याच्यामागे चांगला घोळका होता, सगळ्यांची पावलं एका ठेक्यात. जावई उलटं वळून पळत, हात हलवत त्यांना काहीतरी विनोद सांगत होता. माझ्याकडे बघून त्याने भुवया उंचावल्या. मी मान हलवली, काही नाही. तो गेला.

आणि फोन वाजला.

"मालक, लिफ्ट अडकली!" बारक्या ओरडत होता. "वीज जाऊन आली आणि मधेच थांबली. आत एक आजी आहेत. ब्रेक हाताने सोडून चाक फिरवायचंय, दोन माणसं लागतात. कुठे आहात?"

"मी बाबा बोलतोय," मी म्हणालो. "ते पुढे गेले."

"अरे देवा."

"वॉचमन नाही का?"

"सेक्रेटरी त्याला हात लावू देत नाहीत. म्हणतात, काही झालं तर कोण निस्तरणार? बाबा, त्या रडायला लागल्यात हो."

पाणी देणारी मुलगी ऐकत होती. "काका, आमचा मोटारसायकलवाला आहे. झेंडेवाल्यांना निरोप देऊ का?"

मी रस्त्याकडे पाहिलं. झेंडा अजून दिसत होता. एक शब्द बोललो असतो तर तो थांबला असता, आणि मागचा सगळा घोळका रस्त्याच्या मधोमध बावचळून उभा राहिला असता. न बोललो तर इमारत हातची जाईल. यातलं बरोबर काय?  मुलगी म्हणाली, "काका?"

"नको," मी म्हणालो, आणि ते बरोबर होतं की नाही हे मला आजही माहीत नाही.

मी चालत, मग जरा धावत निघालो. गच्चीखालच्या यंत्राच्या खोलीपर्यंत जिने चढताना वाटलं, आता दुसऱ्या एका म्हाताऱ्याला सोडवायला माणसं बोलवावी लागणार.

"तुम्ही?" बारक्या म्हणाला.

"दुसरं कोणी नाही."

त्याने वीज बंद केल्याची दोनदा खात्री केली. मग एक लोखंडी दांडा माझ्या हातात दिला. "मी 'हं' म्हटलं की ओढायचा. 'बस' म्हटलं की लगेच सोडायचा. मधे विचार करायचा नाही."

"तेच अवघड आहे."

"हं!"

दांडा ग्रीसने बुळबुळीत होता. मी जीव खाऊन ओढला. मोठं चाक बारक्याच्या हातांत कण्हलं आणि दोर सरकले.

"बस!"

"हं!"

"बस!"

दोरावर पिवळ्या रंगाची एक खूण होती. ती खुणेच्या पट्टीसमोर आली, म्हणजे लिफ्ट मजल्याला लागली. बारक्या जिन्यावरून खाली पळाला. मी मागून कठड्याला धरत उतरलो, तोवर त्याने किल्लीने दार उघडलं होतं. आतून ठेंगण्याशा आजी बाहेर आल्या, डोळे पुसत. "दिवा गेला, पंखा गेला. म्हटलं, आता आपलाच नंबर," असं म्हणून त्यांनी बारक्याचा दंड घट्ट धरला.

सेक्रेटरी मात्र माझ्याकडे बघत होते. "हे कोण?"

"मालकांचे सासरे," बारक्या म्हणाला.

"वा! लिफ्ट बंद पडली की सासरे येतात. आणि मालक?"

"शर्यतीत आहेत," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"शर्यतीत!" ते जमलेल्या लोकांकडे वळले. "ऐकलंत? मोठ्या कंपनीची लिफ्ट वीज गेली तरी आपोआप मजल्याला येते."

"ते यंत्र बसवा म्हणून मालकांनी किती वेळा सांगितलं," बारक्याचा आवाज चढला. "तुम्हीच महाग पडतं म्हणालात."

सेक्रेटरी लाल झाले. लोकांसमोर बोलायला नको होतं ते बारक्या बोलला होता. "मग महागच परवडलं म्हणायचं," ते शांतपणे म्हणाले. "बैठकीची गरज नाही. उद्यापासून येऊ नका."

बारक्याने हत्यारं पिशवीत भरली. एकेक पुसून भरली. 

मी टेबलापाशी परतलो तेव्हा ऊन चढलं होतं. रस्त्यावर चिरडलेले कागदी पेले होते, आणि टाळ्या वाजवणारे घरी गेले होते. शर्यतीची परतीची वाट इथूनच होती; बऱ्याच वेळाने झेंडा परत आला. मागे आता चारपाच माणसं होती, तीही विस्कटलेली. जावई त्यांना म्हणत होता, "खांदे सैल सोडा, झालंच आता." त्याचं लक्ष माझ्या हातांवर गेलं. हात कोपरापर्यंत काळे होते. ते कशाने होतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

"सुटलं माणूस?" त्याने पळतच विचारलं.

"सुटलं."

"आणि?"

मी उत्तर जुळवत होतो, तोवर तो पुढे गेला. त्याची चाल तसूभरही बदलली नव्हती.

रिक्षाने शेवटच्या रेषेशी पोचून मी गर्दीत उभा राहिलो. वरचं घड्याळ साडेचार तासांना आलं, आणि त्याच क्षणी झेंडा वळणावरून आला. मागे कोणीच नव्हतं. काही जण पुढे निघून गेले असतील, बाकीचे वाटेत बसले असतील. तरीही तो उलटा वळून रिकाम्या रस्त्याकडे हात हलवत, हसत आला.

रेष ओलांडल्यावर तो फुटपाथवर बसला. बोटं सुजली होती, त्याला झेंड्याची गाठ सुटेना. मी सोडवली. पांढऱ्या कापडावर माझ्या बोटांचे काळे ठसे उमटले.

"परत द्यायचा असतो हा," तो म्हणाला. "धुऊन देऊ." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि?"

मी सांगितलं. 'शर्यतीत आहेत' हे माझ्याच तोंडून निघालं, तेही सांगितलं. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच असा उघडा पाहिला. हसू गळून कातडं तेवढं राहिलं होतं.

"निरोप पाठवायला हवा होता का हो?" मी विचारलं.

त्याने बुटाची नाडी सोडली. "सेक्रेटरी हे बारक्याच्या समोर बोलले?"

"समोरच."

"फोन द्या."

मी फोन शर्टाला पुसून त्याच्या हातात दिला. त्याने नंबर लावला. फोन कानाशी नेण्याआधी त्याने तोंडावरून हात फिरवला, पाठ ताठ केली आणि ओठांवर ते हसू आणलं. बारक्याला ते दिसणार नव्हतं.